विषाची मात्रा आणि मुका रोगी

गोव्याच्या अंगणात, बेळगावच्या परसात किंवा इंदूर-बडोद्याकडील वाड्यांतल्या कुंडीत बारा महिने फुलणारी सदाफुली आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पाणी घालावयास विसरले तरी ती रुसत नाही, आणि गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत. याचे कारण तिच्या पानांत साठलेली विषे होत. त्यांपैकीच व्हिन्क्रिस्टीन नावाचे एक विष आज रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाच्या शिरेत सोडले जाते, आणि तेच रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्याच्या शिरेतही सोडले जाते. या व अशा विषांचा इतिहास आज मला आपणांस सांगावयाचा आहे. ती रोग कसा हटवितात एवढेच सांगून मी थांबणार नाही. ती सुरक्षितपणे कशी द्यावीत हे मनुष्य कसकसे शिकत गेला, आणि त्या शिक्षणाची किंमत कोणाकोणाला मोजावी लागली, हाच या कथेचा खरा गाभा आहे.

कथेचा आरंभ दवाखान्यात झालेला नाही. तो रणभूमीवर झालेला आहे. १९१७ सालच्या जुलै महिन्यात बेल्जममधील ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने मस्टर्ड वायूचा प्रथम वापर केला. या वायूने कातडी भाजते आणि डोळे जातात, हे तेव्हाच सर्वांना दिसले. परंतु मेलेल्या सैनिकांच्या हाडांतील मगज रिकामा झालेला असतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, ही गोष्ट क्रुंबार दांपत्याने १९१९ साली नोंदविली. पुढे वीस वर्षे त्या नोंदीकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन या दोन औषधशास्त्रज्ञांकडे या विषाचा अभ्यास सोपविण्यात आला. जे द्रव्य पांढऱ्या पेशी मारते, ते पांढऱ्या पेशींचाच कर्करोग मारणार नाही काय, असा सरळ प्रश्न त्यांना पडला. उंदरांवर प्रयोग झाले, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने गुदमरत असलेल्या एका माणसाला नायट्रोजन मस्टर्ड टोचण्यात आले. काही दिवसांत गाठी वितळल्या. काही आठवड्यांत त्या परत आल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी तो मनुष्य दगावला. युद्धाच्या गुप्ततेमुळे त्याच्या कागदांवर औषधाचे नावदेखील लिहिलेले नव्हते, आणि हे सर्व जगापुढे यावयास १९४६ साल उजाडावे लागले.

याच गुप्ततेचे दुसरे आणि भीषण रूप १९४३ च्या २ डिसेंबरला इटलीतील बारी बंदरात दिसले. जर्मन विमानांनी बंदरावर अचानक हल्ला केला. बुडालेल्या जहाजांत ‘जॉन हार्वे’ नावाचे एक अमेरिकन जहाज होते, आणि त्याच्या पोटात मस्टर्डने भरलेले सुमारे दोन हजार बॉम्ब होते. ते कोणास ठाऊक असावयाचे नव्हते. विष समुद्राच्या पाण्यावरील तेलात मिसळले. त्या तेलाने माखलेले खलाशी पाण्यातून वर काढण्यात आले आणि तशाच ओल्या कपड्यांनिशी त्यांना घोंगड्यांत गुंडाळून तासन् तास बसवून ठेवण्यात आले. कारण अंगावर काय आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि परिचारिकांनाही नव्हते. इस्पितळात दाखल झालेल्या सहाशेहून अधिक विषबाधितांपैकी ८३ जण त्या महिन्यातच मरण पावले. स्टुअर्ट अलेक्झांडर नावाच्या अमेरिकन सैनिकी डॉक्टराने, वरिष्ठ नाकबूल करीत असतानाही, हे मस्टर्डच होय असे सिद्ध केले, आणि त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींच्या ऱ्हासाची बारकाईने नोंद ठेवली. श्रोतेहो, या प्रसंगातील एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. या लोकांचा घात एकट्या विषाने केला नाही. विषाचे नाव लपविले गेले, त्यानेही केला. पुढील सर्व इतिहासात हा धडा पुन्हापुन्हा गिरवावा लागला आहे.

युद्ध संपल्यावर नव्या औषधांची रांग लागली. बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी ॲमिनॉप्टेरीन हे द्रव्य रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात सोळांपैकी दहा मुलांना काही काळ उतार पडल्याची नोंद आहे. हे द्रव्य लेडर्ली या कंपनीच्या ज्या प्रयोगशाळेतून आले, तिचे संशोधन आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉक्टर यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली चालत असे. ते त्याच १९४८ साली निवर्तले, आणि त्यांचे नाव आजही त्यांच्या कार्याच्या मानाने फारच थोड्यांना ठाऊक आहे. त्यानंतर आली आपली सदाफुली. जमेकातील लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतात असे ऐकून कॅनडातील रॉबर्ट नोबल यांनी तो उंदरांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही. उंदीर मात्र जंतुदोषाने मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. याच सूत्रावरून नोबल व चार्ल्स बिअर यांनी १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन वेगळे केल्याचे जाहीर केले, आणि पाठोपाठ अमेरिकेतील एलाय लिली कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिन्क्रिस्टीन सापडले. शेकडो किलो वाळक्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर मिळते. तिसरे मोठे औषध डॉक्सोरुबिसीन. लाल रंगाचे हे द्रव्य इटलीतील पुलिया प्रांतात, कास्तेल देल मोंते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजंतूच्या वंशातून निर्माण झाले. बारी बंदर हे याच प्रांतात आहे. ज्या किनाऱ्यावर विषाने माणसे मेली, त्याच भूमीने पुढे हे औषध दिले, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

आता आपण मुक्या रोग्याकडे वळू. कर्करोगाच्या शास्त्रात कुत्र्याचे स्थान फार जुने आहे. १८७६ साली रशियातील पशुवैद्य म्स्तिस्लाव नोविन्स्की यांनी एका कुत्र्याचे अर्बुद दुसऱ्या कुत्र्याच्या शरीरात रुजवून दाखविले. एका प्राण्याचे अर्बुद दुसऱ्यात रुजविण्याचा तो पहिला यशस्वी प्रयोग मानला जातो. त्यांनी निवडलेले अर्बुद समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरणाऱ्या जातीचे होते, आणि आपल्या देशातील रस्त्यांवरील कुत्र्यांत ते आजही सर्रास आढळते. हजारो वर्षांपूर्वी कोणा एका प्राण्याच्या शरीरात जन्मलेल्या पेशींचा वंश या रूपाने आजतागायत जिवंत आहे. पण या चिवट रोगाचे सदाफुलीच्या विषापुढे काही चालत नाही. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टीन याप्रमाणे साधारणपणे चार ते सहा वेळा दिले की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

लसिकाग्रंथींचा कर्करोग हा कुत्र्यांचा दुसरा मोठा शत्रू. १९५३ साली जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तजलाने उंदरांची अर्बुदे विरघळताना दिसली, आणि त्यामागील कर्ता ॲस्परॅजिनेज हे विकर असल्याचे जॉन ब्रूम यांनी दाखविले. लॉइड ओल्ड यांनी पेनसिल्व्हेनियातील पशुवैद्य रॉबर्ट ब्रोडी यांच्या सहकार्याने हे द्रव्य रोगी कुत्र्यांना देऊन पाहिले व १९६७ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती प्रयोगासाठी मुद्दाम रोगी केलेली जनावरे नव्हती. ती आपोआप आजारी पडलेली कुत्री होती. येथून पुढे कुत्रा हा केवळ प्रयोगाचे साधन न राहता रोगी या पदवीस पोहोचला. व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसीन आणि प्रेड्निसोलोन यांचा माणसांत वापरला जाणारा मेळ कुत्र्यांसाठी बसविण्यात आला. उपचाराविना साधारण महिना-दीड महिना जगणारे जनावर या मेळामुळे सरासरीने वर्षभर जगू लागले. कुत्र्याच्या दहाबारा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु औषध मिळाले म्हणजे ते देता आले असे होत नाही. पहिला प्रश्न मात्रेचा. कर्करोगाच्या या विषांत उपकार आणि अपाय यांमधील पाऊलवाट फारच अरुंद आहे. जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स रूब्नर यांनी १८८३ साली लहानमोठ्या कुत्र्यांचा अभ्यास करून असे दाखविले होते की, प्राण्याच्या देहातून बाहेर पडणारी उष्णता त्याच्या वजनाच्या प्रमाणात नसते, तर कातडीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. पाऊणशे वर्षांनी, १९५८ साली, डोनाल्ड पिंकेल यांनी कर्करोगाच्या औषधांची मात्राही याच मापाने ठरवावी असे सुचविले आणि ते सर्वमान्य झाले. तरीही कुत्र्यांच्या बाबतीत या मापाने एक दगा दिला. चाळीस किलोच्या कुत्र्याचे वजन पाच किलोच्या कुत्र्याच्या आठपट असते, पण कातडी सुमारे चौपटच. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने लहान कुत्र्याला दर किलोमागे मोठ्याच्या दुप्पट विष मिळते. डॉक्सोरुबिसीनच्या बाबतीत लहान कुत्री या हिशेबाने फार आजारी पडत, असे अनुभवास आले. म्हणून आता मोठ्या कुत्र्याला दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम, तर लहान कुत्र्याला दर किलोला १ मिलिग्रॅम अशी वेगळी रीत पाळतात. शिवाय हे औषध कुत्र्याच्या हृदयात साठत गेलेल्या ऋणासारखे असते. आयुष्यभरात दिलेल्या सर्व मात्रांची बेरीज ठेवावी लागते, आणि ठराविक मर्यादेपुढे ते देता येत नाही.

दुसरा प्रश्न जातीचा. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हे वाक्य पशुवैद्यकाचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून ऐकतो; पण त्याचा अर्थ या औषधांनी जितका कठोरपणे शिकविला तितका अन्य कशाने शिकविला नसेल. बार्नेट रोझेनबर्ग यांनी १९६५ साली प्लॅटिनमच्या संयुगांचा जंतूंवरील परिणाम जाहीर केला, आणि त्यातून सिस्प्लॅटिन हे माणसांना वरदान ठरलेले औषध निघाले. ते कुत्र्यांनाही, मूत्रपिंडे सांभाळून, देता येते. मांजरांना मात्र त्याने फुप्फुसांत पाणी भरते आणि ती मरतात, हे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने स्पष्ट केले. त्याच प्लॅटिनमचे कार्बोप्लॅटिन हे भावंड मात्र मांजरांना चालते. फ्लुओरोयुरॅसिल हे औषध मांजराच्या मज्जासंस्थेवर घातक प्रहार करते. माणसांच्या त्वचारोगावरील याच औषधाचे मलम चाटून कुत्री दगावल्यामुळे २०१७ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.

कुत्र्याकुत्र्यांतही भेद आहेत. कोली जातीच्या मेंढपाळ कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांचे औषध बाधते, हे १९८० च्या दशकापासून माहीत होते. कारण ठाऊक नव्हते. ते कारण कॅट्रिना मीली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली उघड केले. पेशींतून विष बाहेर लोटणारे जे एक द्वारपाल प्रथिन असते, त्याच्या जनुकातील चार अक्षरे या कुत्र्यांत गळालेली असतात. कोलींपैकी चारांत सुमारे तिघांत या दोषाची निदान एक तरी प्रत सापडते. व्हिन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसीन यांना बाहेर घालविणारा द्वारपालही हाच. म्हणून अशा जातींच्या कुत्र्याची आधी रक्ततपासणी करावी आणि दोष असल्यास मात्रा कमी करावी, हा नियम झाला.

श्रोतेहो, इथवर आपण रोग्याच्या सुरक्षिततेचे बोललो. आता ज्याच्या हातात सुई आहे, त्याच्याकडे पाहू. जवळजवळ तीस वर्षे या औषधांच्या कुप्या परिचारिका उघड्या हातांनी उघडीत होत्या. औषध निर्जंतुक राहावे म्हणून ज्या कपाटात ते मिसळीत, त्या कपाटातील हवेचा झोत आडवा, म्हणजे काम करणाऱ्याच्या तोंडावर येत असे. औषधाचे रक्षण होई, माणसाचे होत नसे. १९७९ साली फिनलंडमधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात असे प्रसिद्ध केले की, ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जंतूंच्या जनुकांत बदल घडविण्याची शक्ती आढळते. १९८५ साली फिनलंडमधीलच परिचारिकांच्या पाहणीत गर्भपाताशी या कामाचा संबंध दिसून आला. बारी बंदरातील घोंगड्यांची येथे आठवण होते. अंगावर काय आहे हे याही वेळी कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर नियमांचे युग आले. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने १९८६ साली पहिली मार्गदर्शक सूत्रे काढली. हवेचा झोत उभा करण्यात आला. कुपीतून एक थेंब वा वाफही बाहेर येऊ नये अशी बंद जोडणीची साधने निघाली. २००४ साली तेथील व्यावसायिक आरोग्य संस्थेने दिलेला इशारा गाजला, आणि २०१० साली तिने पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र पत्रक काढले. २०१८ साली अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांच्या महाविद्यालयाने या विषयावरील आपले सर्वसंमत निवेदन प्रसिद्ध केले. माणसांच्या इस्पितळाला जे शहाणपण १९८० च्या दशकात आले, ते जनावरांच्या दवाखान्यापर्यंत पोहोचावयास आणखी तीस वर्षे लागली, हे खेदाने नमूद करावे लागते.

हे शहाणपण थोडक्यात सांगावयाचे तर असे. औषध देण्यापूर्वी दर वेळी रक्त तपासावे. कारण औषधानंतर साधारण सातव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि त्या सावरल्या नसतील तर पुढील मात्रा लांबणीवर टाकणे हेच शौर्य होय. मात्रेचा हिशेब दोघांनी स्वतंत्रपणे करावा. सुई पहिल्याच प्रयत्नात शिरेत नीट बसली पाहिजे. व्हिन्क्रिस्टीन वा डॉक्सोरुबिसीन शिरेबाहेर झिरपले तर मांस झडते. तशी वेळ आलीच तर व्हिन्क्रिस्टीनला शेक आणि डॉक्सोरुबिसीनला बर्फ, हा फरक विसरू नये. सायक्लोफॉस्फमाइडने मूत्राशय सोलून निघते. म्हणून ते सकाळी द्यावे, पाणी भरपूर पाजावे आणि कुत्र्याला वरचेवर लघवीस बाहेर न्यावे. देणाऱ्याने या कामासाठी तपासलेले हातमोजे दुहेरी घालावेत, अंगावर झगा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. त्या खोलीत चहा पिऊ नये की डबा उघडू नये. गोळी मोडू नये, कुटू नये. गर्भवती स्त्रीने या कामापासून दूर राहावे. आणि औषध शरीरात गेले म्हणजे संपले असे मानू नये. निदान तीन दिवस, काही औषधांच्या बाबतीत अधिक काळ, जनावराच्या मूत्रात, विष्ठेत व ओकारीत ते उतरत राहते. घरच्यांनी ती घाण हातमोजे घालून उचलावी आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

यांतील शेवटची बाब आपल्या गावांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. परदेशी पुस्तकातील कुत्रा एका घरात, एका धन्यापाशी असतो. आपल्याकडे रस्त्यावरची कुत्री पकडून आणून व्हिन्क्रिस्टीन दिले जाते, आणि पिंजरा धुणारा मनुष्य बहुधा सर्वांत कमी पगाराचा व सर्वांत कमी माहिती मिळालेला असतो. जेथे डॉक्टर हातमोजे घालतो पण झाडूवाल्याला ते मिळत नाहीत, तेथे पिंजऱ्यावर औषधाचे नाव आणि तारीख लिहिलेली एक पाटी टांगणे हा उपाय फार स्वस्त आहे. झाडूवाल्यास वाचता येत नसेल, तर त्याला ते तोंडी समजावून सांगणे त्याहूनही स्वस्त आहे. बारीतल्या खलाशांना कोणी एवढे सांगितले असते, तर त्यांनी ते कपडे उतरवून अंग धुतले असते.

कोणी विचारील, माणसांना औषध मिळण्याची मारामार, तेथे कुत्र्यामांजरांचे हे लाड कशाला? प्रश्न गैर नाही. पण पशुवैद्य या विषांकडे पाहतो ती दृष्टी समजून घेण्याजोगी आहे. माणूस बरे होण्याच्या आशेने पुष्कळ यातना जाणूनबुजून पत्करतो. कुत्र्याला उद्याची आशा कळत नाही. त्याला आजचे दुखणे तेवढे कळते. म्हणून त्याला मात्रा बेताची देतात, आणि उपचार रोगाहून जड होऊ लागले तर ते थांबवितात. रोग्याला संमती देता येत नाही, तेव्हा त्याच्या वतीने संमती देणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. हा विचार माणसांच्या इस्पितळातही विसरू नये असाच आहे.

आज संध्याकाळी अंगणात गेलात तर सदाफुलीकडे एकवार पाहा. तिच्या पानांत विष आहे आणि औषधही आहे. त्यांपैकी आपल्या हाती काय येते, ते मापावर अवलंबून आहे. आणि ते माप धरणाऱ्या हाताला आपल्या हातात काय आहे हे कोणी सांगितले आहे की नाही, यावरही.